आई-वडिलांपैकी एक तरी

डिपेंडन्ट या एका शब्दावर मी सिंगापुरात वीस-बावीस वर्षं पोट भरलं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

माझं काम काय होतं हे सांगायला गेले की माहेरची माणसं अजून गोंधळतात. "राहतेस सिंगापूरला, पासपोर्ट भारताचा, आणि कर भरतेस अमेरिकेचा?" माझा भाऊ दर गणपतीला विचारतो. मी भरत नाही रे बाबा, लोकांची रिटर्न्स भरून देते. अमेरिकेचं असं आहे, की तिचा नागरिक जगाच्या पाठीवर कुठेही राहिला तरी दरवर्षी तिला कळवायचं असतं. आणि नागरिक व्हायला तिथे नुसतं जन्मणं पुरतं. आपले पुण्या-मुंबईचे इंजिनिअर दोन-तीन वर्षांसाठी न्यू जर्सीला जातात, तिथे मूल होतं, मग कंपनी त्यांना सिंगापूरला पाठवते. आई-बाप भारतीयच राहतात, पोरगं मात्र अमेरिकन. ते बेडोकच्या फ्लॅटमध्ये वरणभात खात मोठं होतं, शाळेत वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायला शिकतं आणि अठराव्या वर्षी अमेरिकेतल्या कॉलेजात जातं. तिथे लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम मिळतं, पहिला पगार होतो, आणि मग आपल्यालाही रिटर्न भरायचंय हे त्याच्या लक्षात येतं. मग त्याच्या आईचा मला फोन. "लिमये काकू, जरा बघता का?"

जुरोंग ईस्टला एमआरटी स्टेशनला लागून एका इमारतीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मालकीणबाई चिनी, आम्ही तिघी कारकून-कम-तज्ज्ञ. विद्यार्थ्यांची सगळी रिटर्न्स माझ्याकडे, कारण त्यात पैसा कमी आणि चिकाटी फार लागते. माझ्या हातून गेलेलं एकही रिटर्न चुकलं नाही, असं मी तेव्हा ऐटीत सांगायची. आता सांगत नाही. का सांगत नाही, तेच लिहायला बसले आहे.

आधी शिक्षणाचं क्रेडिट म्हणजे काय, ते थोडक्यात. वजावट आपल्या ओळखीची असते. उत्पन्नातून काही रक्कम कमी होते आणि उरलेल्यावर कर लागतो. क्रेडिट त्याहून गोड. ते थेट करातूनच कमी होतं. पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी, फी आणि पुस्तकांवर ते मिळतं. विमानाचं तिकीट चालत नाही, हॉस्टेल चालत नाही, मेस चालत नाही. एका गृहस्थांनी मुलाच्या खर्चाच्या यादीत राइस कुकर लिहून आणला होता, पावतीसकट.

"कुकर बसत नाही यात," मी म्हटलं.

"अहो, उपाशीपोटी शिकेल कसा तो?"

मी त्यांना नियम काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, पावती घडी करून खिशात ठेवली आणि जाताना म्हणाले, "या लोकांना भात माहीत नाही, दुसरं काय."

आता डिपेंडन्ट. मुलं पहिल्या वर्षी बहुधा फुकटच्या सॉफ्टवेअरवर स्वतःच रिटर्न भरून बसतात. त्यात एक प्रश्न असतो, तुम्हाला कुणी डिपेंडन्ट म्हणून दाखवतं का? म्हणजे तुमचे आई-वडील अमेरिकेत रिटर्न भरतात का आणि त्यात तुमचं नाव घालतात का. ज्यांचे आई-वडील अमेरिकेला एक पैसाही देणं लागत नाहीत, त्यांचं उत्तर 'नाही'. पण आमची मुलं हमखास 'हो' म्हणायची. कारण सिंगापुरात डिपेंडन्ट हा एक पास आहे. नवरा नोकरीच्या पासवर येतो, बायको-मुलांना डिपेंडन्टचा पास मिळतो. लहानपणापासून आपल्या फोटोखाली तो शब्द वाचत आलेलं पोरगं दुसरं काय सांगणार? 'हो' म्हटलं की क्रेडिट त्या न भरणाऱ्या आई-बापांच्या नावावर जातं, म्हणजे कुठेच जात नाही. दर मार्च-एप्रिलमध्ये मी अशी रिटर्न्स दुरुस्त करत बसायची. "अरे, हा त्यांचा शब्द आहे, आपला नाही," हे वाक्य मी किती मुलांना ऐकवलं असेल, देव जाणे.

ही चूक न करणारी एकच मुलगी निघाली. तिचं नाव रेवा सबनीस.

ती बेडोकची. तिने पहिल्या वर्षीचा मसुदा स्वतः तयार करून मला नुसता तपासायला पाठवला होता, आणि त्या प्रश्नापुढे स्वच्छ 'नाही' लिहिलं होतं. मी खूश झाले. फोनवर तिची पाठ थोपटली. म्हटलं, एक तरी पोर नीट वाचतं. ती हसली. ती हुशार होतीच, पण त्या उत्तराचं कारण तिची हुशारी नव्हती. तिच्याकडे डिपेंडन्टचा पास कधी नव्हताच. शाळेत ती विद्यार्थ्यांच्या पासवर शिकली होती. घरच्या मुलाला असा वेगळा पास का असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

क्रेडिटचा एक आणखी भाग असतो. कर शून्य झाला तरी त्यातले हजार डॉलरपर्यंत हातात परत मिळू शकतात. मात्र विद्यार्थी चोवीस वर्षांच्या आतला असेल, स्वतःच्या कमाईवर निम्माही जगत नसेल, आणि आई-वडिलांपैकी एक तरी हयात असेल, तर हा भाग मिळत नाही. अशा वेळी एका छोट्या चौकटीत खूण करायची आणि पुढे जायचं. जवळजवळ सगळ्यांच्याच चौकटीत खूण होते.

प्रत्येक मुलाला विचारायच्या प्रश्नांची माझी स्वतःची एक यादी होती. त्यात तोही प्रश्न होता, आई-वडील हयात आहेत का. पण खरं सांगते, तो मी तोंडाने कधीच विचारला नाही. वीस वर्षांच्या पोराला, ज्याच्या घरून मला दिवाळीला चिवडा येतो, त्याला असं अभद्र काय विचारायचं? जीभच रेटत नाही. त्यामुळे तेवढं उत्तर मी आपल्या मनाने लिहायची. रेवाच्या तोंडी तर सारखं आई-बाबा, आई-बाबा. बाबा मिलिंद सबनीस, एका बँकेत. आई शुभदा, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात भेटायची, हसतमुख बाई. दोन वर्षं मी डोळे झाकून खूण केली.

तिसऱ्या वर्षी रेवा मे महिन्यात सुट्टीवर आली आणि सरळ ऑफिसात येऊन बसली. रिटर्नसाठी आम्ही मुदतवाढ घेऊन ठेवली होती. मिलिंदच्या बँकेने त्याचा अख्खा विभाग बंद केला होता आणि तो पाच महिने घरी होता. ते पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी होते म्हणून देश सोडायची वेळ आली नाही, एवढंच.

"काकू, रिफंड थोडा तरी वाढेल का?" तिने विचारलं. "आय मीन, कुठून तरी. नाहीतर मी शेवटचं वर्ष ड्रॉप करते. नंतर करीन."

"नंतर म्हणजे कधी?"

"बाबांना जॉब लागला की."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला जॉब कधी लागतो, ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मध्येच सोडलेली पदवी पुढे कितीजण पूर्ण करतात, तेही मी या खुर्चीतून पाहिलेलं होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "बघते हं. आधी तुझा पासपोर्ट दे, नवीन झालाय ना, कॉपी ठेवते."

आजवर तिची कागदपत्रं 'रेवा ए. सबनीस' अशीच होती. नव्या पासपोर्टवर नाव पूर्ण छापलेलं होतं. रेवा अविनाश सबनीस.

आपल्या नावात बापाचं नाव असतं, हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. माझी चिनी मालकीण ते वाचून पुढे गेली असती. मी मात्र कॉपी मशीनपाशी थांबले. दोन वर्षं मी तो 'ए' टाइप करत होते आणि मिलिंदचं नाव 'एम'ने सुरू होतं हे मला दिसलं नव्हतं. लाज वाटली.

"अविनाश कोण, रेवा?"

"माझे बाबा," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "ओह. तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं आईने सांगितलं असेल."

अविनाश हा मिलिंदचा मोठा भाऊ. न्यू जर्सीला रस्त्यावरच्या अपघातात तो आणि त्याची बायको दोघंही गेले, तेव्हा रेवा दीड वर्षाची होती. मिलिंद आणि शुभदा तिला जाऊन घेऊन आले. आडनाव तेच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. तिला सगळं लहानपणापासून माहीत होतं, घरात दोघांचा फोटो होता. पण आई म्हणजे शुभदा आणि बाबा म्हणजे मिलिंद. सख्ख्या काकूला तिने जन्मात काकू म्हटलं नाही. ती हाक माझ्या वाट्याला आली होती.

मी मनातल्या मनात नियम पुन्हा वाचत होते. मग पुढचा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना माझा आवाज मलाच ऑफिसातला वाटला. "त्यांनी तुला कायद्याने दत्तक घेतलंय का?"

"नाही. गार्डियन आहेत. का?"

मी तिला समजावलं. दत्तक नाही, म्हणजे अमेरिकेच्या लेखी तिचे आई-वडील हयात नाहीत. म्हणजे ती खूण चूक होती. आणि ती चूक तिची नव्हती, माझी होती. यंदाचे हजार मिळतील, शिवाय मागच्या दोन वर्षांची रिटर्न्स दुरुस्त करता येतील, कारण तीन वर्षांपर्यंत मुभा असते. तीन हजार डॉलर्स. अख्खी फी त्यातून भागत नव्हती, पण शेवटच्या वर्षासाठी जेवढे कमी पडत होते, ते साधारण तेवढेच होते.

तिचा चेहरा आधी उजळला आणि मग मिटला.

"म्हणजे मी लिहून देणार, की मला आई-बाबा नाहीत?"

"लिहायचं काही नाही. चौकट रिकामी सोडायची."

"पण मीनिंग तेच ना, काकू." ती पासपोर्ट पिशवीत टाकत म्हणाली. "नको. बाबांना आत्ता जॉब नाहीये. त्यात मी सांगायचं की तुम्ही माझे बाबा नाही, अँड आय गेट अ थाउजंड डॉलर्स? नको, काकू. मी ड्रॉप करते."

"मी आईशी बोलू का?"

"तुम्हीच बोला," ती म्हणाली. "मला नाही जमणार."

अशिलाच्या घरी जाऊन बोलण्याचा आमच्याकडे रिवाज नव्हता. मी रविवारी सकाळी बेडोकला गेले. मार्केटमधून शुभदासाठी मोगऱ्याची वेणी घेतली आणि लिफ्टमध्ये मला ती अगदी चुकीची वस्तू वाटायला लागली. मिलिंद बाहेर फिरायला गेला होता. रेवा आपल्या खोलीत होती, दार उघडं.

मी शक्य तितकं सरळ सांगितलं. नियम, चौकट, खूण, माझी चूक. शुभदा पोळ्यांच्या कणकेवर हात ठेवून उभी होती. माझं सांगून झालं. मग तिने हात धुतले, पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"तुम्हाला वाटत असेल, दत्तक का नाही घेतलं," ती म्हणाली.

"मी विचारत नाहीये."

"विचारा ना. सगळे विचारायचे तेव्हा. वकील तर मागेच लागले होते. इथला पास सोपा झाला असता, शाळेची फी कमी लागली असती." तिने खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं. "पण दत्तक घेतलं असतं तर तिच्या नावातलं अविनाश गेलं असतं. मिलिंद लागलं असतं. हे म्हणाले, दादाचं आता एवढंच उरलंय, ते राहू दे. मी म्हटलं, राहू दे. आई म्हणायला कागद कशाला लागतो?"

"नाही लागत."

"आता लागला बघा." ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "वाईट वाटलं हो, काकू. खोटं कशाला बोलू."

मलाही वाईट वाटत होतं, आणि ते मी तिला सांगितलं. चोवीस महिने आधी एक अभद्र प्रश्न धीर करून विचारला असता, तर हे सगळं एका साध्या दुपारी, कुणाची नोकरी शाबूत असताना, चहा पिता पिता उरकलं असतं. भीड ठेवली मी आणि भरपाई करायची त्या घराने.

शुभदा उठून आत गेली आणि एक प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आली. त्यात रेवाच्या लसींची पुस्तिका होती, बालवाडीची प्रगतिपुस्तकं होती, आणि त्यांच्यामध्ये दोन मृत्यूचे दाखले. "हे लागतील?"

"पाठवायचे नाहीत. पण कॉपी असू दे माझ्याकडे."

दुरुस्तीच्या फॉर्मवर बदलाचं कारण दोन ओळींत लिहावं लागतं. ते मी घरून लिहून नेलं होतं. 'करदात्याचे आई-वडील दोघंही करवर्षापूर्वीच निवर्तले आहेत. तिचा सांभाळ तिच्या काका-काकूंनी केला. चौकटीतली खूण रिटर्न तयार करणाऱ्याच्या चुकीने झाली.' इंग्रजीत होतं, मी मराठीत वाचून दाखवलं. शुभदाने कागद हातात घेऊन पुन्हा वाचला.

"हे मधलं वाक्य. त्यांना लागतं का ते?"

"नाही. मी आपलं घातलं. तुमचा उल्लेख असावा म्हणून."

"मग काढा," ती म्हणाली. "काका-काकू असं कुणी नाहीये या घरात. बाकीचं खरं आहे, ते जाऊ दे."

मी पेनाने ते वाक्य खोडलं. मग तिने दाराकडे बघून हाक मारली, "रेवा, ये इकडे. सही कर."

रेवा आली. तिने सगळं ऐकलेलं होतं, हे तिच्या लाल झालेल्या नाकाकडे बघूनच कळत होतं. "आई, आर यू शुअर?"

"मी शुअर आहे. तू वर्ष सोडलंस ना, तर मी खरंच तुझी आई नाही म्हणून सांगीन सगळ्यांना. कर सही."

तिने सह्या केल्या, तीन ठिकाणी. मग शुभदाने आम्हा दोघींना गरम पोळी आणि गूळ-तूप वाढलं, आणि वेणी मी पिशवीतून काढायला विसरले ती घरी येईपर्यंत कोमेजून गेली.

त्या वर्षीचे पैसे लवकर आले. दुरुस्तीचे दोन परतावे रेंगाळत आले, तोवर कॉलेजने हप्ते करून दिले. रेवाने वर्ष सोडलं नाही. मिलिंदला पुढे एका छोट्या कंपनीत काम मिळालं, पूर्वीच्या पगाराच्या निम्म्यावर. आणि मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक मुलाला तोंडाने विचारलं, "आई-वडील आहेत ना रे दोघं? आणि तेच ना, ज्यांनी जन्म दिला?" मुलं चमकायची. एकदोघांच्या आया रागावल्यासुद्धा. रागावू देत.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण यंदा एप्रिलमध्ये रेवाचा फोन आला. ती आता सिंगापुरातच नोकरी करते, बेडोकला आई-बाबांबरोबर राहते. तिचं सिंगापूरचं पहिलं रिटर्न होतं. मी म्हटलं, मी निवृत्त आहे आणि सिंगापूरचा कर हा माझा प्रांत नाही. ती म्हणाली, "तुम्ही फक्त बाजूला बसा."

बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊच्या स्टॉलांच्या मंडईत, कॉफीचे दोन कप आणि तिचा लॅपटॉप मध्ये ठेवून आम्ही बसलो. सगळं सोपं होतं. शेवटी ती एका रकान्यावर थांबली. आई-वडिलांना सांभाळणाऱ्याला इथे करात सवलत असते. आता मिलिंदचा तोही जॉब सुटला होता, वयही झालं होतं, आणि घर तीच चालवत होती.

"हे मला मिळतं ना?" तिने विचारलं. तिने नातं निवडायची यादी उघडली. आई, वडील, आजी, आजोबा, सासू, सासरे. ती वरून खाली आणि पुन्हा वर गेली.

मला उत्तर माहीत होतं आणि यावेळी मी ते गिळलं नाही. "नाही मिळत, बाळा. कायद्याने ते तुझे आई-वडील नाहीत. काका-काकूंना ही सवलत नाही."

तिने यादी बंद केली. मला वाटलं, आता हिला लागणार. पण ती खुदकन हसली.

"म्हणजे बघा हं, काकू. तिकडे ते माझे आई-बाबा नाहीत म्हणून मला पैसे मिळाले. आणि इकडे ते माझे आई-बाबा नाहीत म्हणून माझे पैसे जाणार."

"तसंच काहीसं."

"किती वर्षं मला ते तीन हजार टोचत होते, माहितीये? आईला कधी बोलले नाही." तिने रकाना रिकामा ठेवून पुढचं बटण दाबलं, पूर्ण कराचा आकडा आला तो तिने एकदाच पाहिला आणि लॅपटॉप मिटला. "जाऊ दे. फिट्टंफाट, लाह!"

मग ती उठून समोरच्या स्टॉलपाशी गेली आणि तिने दोन पार्सलं सांगितली. एक बिनतिखटाचं, बाबांसाठी, आणि एक आईसाठी.